काकांच्या लॅपटॉपवरचा ‘मेघ’ : लिनक्समध्ये गूगल ड्राइव्ह घरच्या फोल्डरसारखी कशी जोडायची

इंदूरच्या रामबागेतल्या काकांचा लॅपटॉप नऊ वर्षांचा आहे. सिल्व्हर मॉलमधून घेतला तेव्हा नवा कोरा होता, आता त्याचं एक बिजागर सुतळीने बांधलेलं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ काही त्या यंत्रावर चढेना, म्हणून मी त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची यंत्रणा टाकून दिली. चार दिवस काका खूश होते. पाचव्या दिवशी फोन आला, “अगं, बाकी सगळं झकास, पण माझी ती जी ड्राइव्ह कुठे गेली?”

विंडोजवर गूगलचं स्वतःचं सॉफ्टवेअर टाकलं की ड्राइव्ह ‘जी’ नावाने सी, डीच्या शेजारी दिसते. लिनक्ससाठी गूगलने असं काही कधी काढलंच नाही. ब्राउझरमधून ड्राइव्ह उघडता येते, पण काकांकडे गणेशोत्सवाच्या जुन्या फोटोंचे स्कॅन आहेत, मंडळाच्या हिशेबाच्या शीट आहेत, कुठल्या कुठल्या मैफिलींची रेकॉर्डिंग आहेत. एकेक फाइल आधी उतरवा, मग उघडा, बदला आणि परत चढवा, हे रोज कोण करणार?

रंगपंचमीचा दिवस होता. राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, निघालेली, मी अन्नपूर्णाला, काका रामबागेत. मध्ये रंगाचे टँकर आणि माणसांचा पूर. म्हणून सगळं काम फोनवर झालं. मी कमांड बोलायची, काकांनी टाइप करायची. हा लेख त्याच फोनचा आहे. कमांड इथे मी बोलले तशाच देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लिपीत, सगळ्या लहान अक्षरांत करायच्या, आकडेही इंग्रजी. नवा शब्द आला की त्याचं स्पेलिंग खाली दिलं आहे. डॅश, कोलन, स्लॅश ही चिन्हं मात्र जशी दिसतात तशीच टाकायची, आणि जिथे जागा सोडली आहे तिथेच स्पेस द्यायची. काकांचा पहिला अर्धा तास या स्पेसनेच खाल्ला.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा

ड्राइव्ह ‘जोडणे’ आणि ड्राइव्ह ‘सिंक करणे’ ही दोन वेगळी कामं आहेत. सिंकमध्ये फाइलींची प्रत तुमच्या डिस्कवर येते. नेट गेलं तरी ती असते, आणि जागाही खाते. जोडण्यात प्रत येत नाही. फोल्डर घरात दिसतो, आतल्या फाइली गूगलकडेच राहतात, आणि तुम्ही उघडाल ती फाइल त्या वेळी उतरते. हे मी सांगितल्यावर काका म्हणाले, “म्हणजे सामान त्यांच्याकडे, आपल्याकडे नुसतं दार.” अगदी तेच. या दारातून काही बाहेर फेकलंत तर ते खरोखर फेकलं जातं, हेही त्यातच आलं. पुढच्या बहुतेक सूचना याच एका गोष्टीपोटी आहेत.

लिनक्सला हे जमतं ते फ्यूज नावाच्या सोयीमुळे. एरवी फाइल सिस्टिम, म्हणजे फाइलींची मांडणी, चालवणं हे कर्नलचं, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याचं काम. फ्यूजमुळे साधा प्रोग्रॅमही कर्नलला सांगू शकतो की ‘या फोल्डरमध्ये काय आहे ते मला विचार’. २००५ मध्ये कर्नलच्या २.६.१४ या आवृत्तीत ती आली. आपण जो प्रोग्रॅम वापरणार आहोत त्याचं नाव आरक्लोन. निक क्रेग-वुड यांनी तो सुरू केला, फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, आणि गूगल ड्राइव्हच नाही तर वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, नेक्स्टक्लाउड असे नेटवरचे कितीतरी साठे त्याला कळतात. एकदा पद्धत हाताखालून गेली की बाकीचे तसेच जोडता येतात.

मिंटच्या सेटिंगमध्ये ‘ऑनलाइन अकाउंट्स’ असतं, तिथे गूगल खातं जोडलं की फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत ड्राइव्ह दिसू लागते, हे खरं आहे. दोन-चार फाइली पाहायच्या असतील तर ते पुरे. पण त्या फाइलींची आतली नावं अगम्य सांकेतिक अक्षरांची असतात आणि सगळ्याच प्रोग्रॅमना तो रस्ता चालत नाही. काकांना रेकॉर्डिंग ऐकायची होती, शीट लिब्रेऑफिस या ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायची होती. म्हणून आरक्लोनच.

पायरी १ : आरक्लोन टाकणे

सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये आरक्लोन मिळतो, पण तो जुना असतो. उबंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर आधारलेल्या मिंट २२ मध्ये १.६० ही आवृत्ती येते, त्याआधीच्या मिंट २१ मध्ये त्याहून जुनी. गूगल आपले लॉगिनचे नियम अधूनमधून बदलत असतं, त्यामुळे इथे जुनं सॉफ्टवेअर घेऊ नका. ब्राउझरमध्ये आरक्लोन डॉट ऑर्ग उघडा, डाउनलोड्सच्या पानावर लिनक्सच्या ओळीत ‘इंटेल/एएमडी ६४ बिट’ची डॉट-डेब फाइल घ्या आणि तिच्यावर डबल क्लिक करा. पासवर्ड मागेल, द्या. झालं.

मग टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा. कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकत्र दाबले की उघडतं.

आरक्लोन व्हर्जन

आरक्लोनचं स्पेलिंग : आर-सी-एल-ओ-एन-ई. व्हर्जन : व्ही-ई-आर-एस-आय-ओ-एन. आवृत्तीचा आकडा दिसला की पुढे चला.

एक ताकीद. इंटरनेटवर जुन्या लेखांत ‘आधी फ्यूज इन्स्टॉल करा’ असं लिहिलेलं असतं. उबंटू २२.०४ आणि त्यापुढच्या यंत्रणांवर नुसतं ‘फ्यूज’ नावाचं पॅकेज टाकू नका. तिथे फ्यूज३ असतं. जुनं पॅकेज आलं की ते फ्यूज३ काढून टाकतं आणि त्याच्या जोडीने डेस्कटॉपचे काही भागही उखडू शकतं. मिंटवर फ्यूज३ बहुधा आधीच असतं. नसेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून शेवटी तीनचा आकडा असलेलंच घ्या.

पायरी २ : गूगलशी ओळख करून देणे

आरक्लोन कॉन्फिग

कॉन्फिग : सी-ओ-एन-एफ-आय-जी. इथून प्रश्नोत्तरं सुरू होतात. घाबरण्यासारखं काही नाही, बहुतेक प्रश्नांना नुसतं एंटर चालतं. काकांना मी सांगितलं, “कॅनव्हासिंगला आलेल्या माणसाशी बोलता तसं बोला, कामापुरतं.”

पहिल्या प्रश्नाला ‘एन’, म्हणजे नवीन. मग नाव विचारतं. आम्ही ‘इंदूर’ ठेवलं, आय-एन-डी-ओ-आर-ई. हे नाव फक्त तुमच्या यंत्रापुरतं आहे, काहीही ठेवा, फक्त स्पेस नको. मग साठ्यांची लांबलचक यादी सरकून जाते आणि आकडा मागते. आकडा शोधत बसू नका, आवृत्ती बदलली की तो बदलतो. सरळ ‘ड्राइव्ह’ टाइप करा, डी-आर-आय-व्ही-ई.

पुढे क्लायंट आयडी आणि क्लायंट सीक्रेट. आज दोन्ही कोरे ठेवा. याबद्दल शेवटी सांगते. मग स्कोप, म्हणजे किती परवानगी द्यायची. १ म्हणजे पूर्ण, २ म्हणजे फक्त वाचण्याची. १ घ्या. सावधगिरी आपण दुसऱ्या ठिकाणी ठेवणार आहोत. सर्व्हिस अकाउंट कोरं. ॲडव्हान्स्ड कॉन्फिगला ‘एन’.

आता विचारतं, ब्राउझरमधून लॉगिन करू का? ‘वाय’. ब्राउझर उघडतो, गूगलचं पान येतं. घरात दोन-तीन खाती असतील तर इथे नीट बघा. काकांनी घाईघाईत मुलाचं खातं निवडलं आणि नंतर पंधरा मिनिटं स्वतःचे फोटो शोधत बसले. परवानगी दिली की पान ‘सक्सेस’ म्हणतं, टर्मिनलकडे परत या. शेअर्ड ड्राइव्ह का? ‘एन’. ठेवू का? ‘वाय’. आणि बाहेर पडायला ‘क्यू’.

जमलं का ते पाहायला :

आरक्लोन एलएसडी इंदूर:

नावामागचा कोलन विसरू नका. कोलन म्हणजे ‘हे बाहेरचं आहे’ अशी खूण. नसला तर आरक्लोन तुमच्याच डिस्कवर ‘इंदूर’ नावाचा फोल्डर शोधतो आणि तो नाही म्हणून कुरकुरतो. सगळं ठीक असेल तर ड्राइव्हमधल्या फोल्डरांची नावं दिसतील. फोल्डरांना देवनागरी नावं असली तरी चालतं.

एक जागा लक्षात ठेवा. होम फोल्डरच्या आत ‘.कॉन्फिग’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये आरक्लोनची फाइल बनते, त्यात तुमच्या खात्याची चावी असते. ती फाइल कोणाला पाठवू नका, फोरमवर चिकटवू नका. लॅपटॉप दुरुस्तीला देताना किंवा विकताना ती काढून टाका आणि गूगलच्या खात्यात जाऊन आरक्लोनची परवानगीही रद्द करा.

पायरी ३ : आधी फक्त बघण्यापुरतं

फाइल मॅनेजरमध्ये होमच्या आत एक नवा, रिकामा फोल्डर करा. आम्ही नाव दिलं ‘मेघ’, एम-ई-जी-एच. तो रिकामाच हवा. आधीपासून काही भरलेलं असेल तर आरक्लोन जोडायला नकार देतो, आणि बरंच करतो. मग टर्मिनलमध्ये :

आरक्लोन माउंट इंदूर: ~/मेघ --रीड-ओन्ली

माउंट : एम-ओ-यू-एन-टी. रीड : आर-ई-ए-डी, ओन्ली : ओ-एन-एल-वाय. नागमोडी चिन्ह एस्केपच्या खाली असतं, शिफ्ट धरून दाबा. त्याचा अर्थ ‘माझं होम’. आणि रीडच्या आधी दोन डॅश, स्पेस न देता.

“दोन?” काका.

“दोन.”

“छापण्यात चूक नाही ना?”

“मी बोलतेय काका, छापत नाहीये.”

एंटर दाबल्यावर काहीच होत नाही. खाली नुसता कर्सर लुकलुकतो. काकांना वाटलं अडकलं, त्यांनी टर्मिनल बंद केलं, ‘मेघ’ उघडला आणि म्हणाले, रिकामा आहे. असणारच! ही कमांड चालू आहे तोवरच दार उघडं. टर्मिनल बंद, दार बंद. ती खिडकी उघडी ठेवा, खाली ढकलून द्या, आणि मग फाइल मॅनेजरमधून ‘मेघ’ उघडा.

पहिला आठवडा असाच, फक्त वाचण्यापुरता वापरा, हा माझा आग्रह आहे. या काळात तुम्ही काहीही केलंत तरी ड्राइव्हमधली एकही फाइल बदलणार नाही. फोटो बघा, गाणी ऐका, पीडीएफ वाचा. हात बसू द्या.

आता आमची खरी अडचण. काकांच्या ‘मेघ’मध्ये त्यांचे स्वतःचे फोल्डर आले, पण पुण्याहून मुलाने शेअर केलेला स्कॅनचा फोल्डर आला नाही. ब्राउझरमध्ये दिसतो, इथे नाही. कारण तो ‘शेअर्ड विथ मी’मध्ये असतो, आणि ते ‘माय ड्राइव्ह’च्या बाहेर आहे. आरक्लोन फक्त ‘माय ड्राइव्ह’ दाखवतो. सोपा उपाय ब्राउझरमध्ये आहे. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑर्गनाइझ’मधून ‘ॲड शॉर्टकट’ निवडा आणि ‘माय ड्राइव्ह’ हे ठिकाण द्या. आरक्लोन शॉर्टकटच्या मागे जाऊन मूळ फोल्डर उघडतो. गूगल ड्राइव्हमधले बदल तो साधारण मिनिटामिनिटाला विचारत असतो, तेव्हा लगेच नाही दिसला तर थोडं थांबा. त्या एका मिनिटात काका दोनदा “आला नाही” म्हणाले आणि मग एकदम गप्प झाले. फोटो उघडला होता. गणपतीपुढे हाफपँटमधली सात मुलं, डावीकडून तिसरे ते.

गूगल फोटोजमधले फोटो मात्र या मार्गाने येत नाहीत. ते ड्राइव्हपेक्षा वेगळं दुकान आहे. ३१ मार्च २०२५ पासून गूगलने नियम असे बदलले की आरक्लोनसारख्या बाहेरच्या प्रोग्रॅमना त्यांनी स्वतः चढवलेलेच फोटो दिसतात. तुमचा फोनवरचा जुना अल्बम नाही. हे आधीच सांगते, कारण प्रत्येक जण तेच विचारतो.

पायरी ४ : लिहिण्याची परवानगी

आठवड्याने, आधीच्या टर्मिनलमध्ये कंट्रोल आणि सी दाबून जोडणी तोडा. मग :

आरक्लोन माउंट इंदूर: ~/मेघ --व्हीएफएस-कॅश-मोड फुल

कॅश इथे सी-ए-सी-एच-ई, ‘रोख’वालं नव्हे. मोड : एम-ओ-डी-ई. फुल : एफ-यू-एल-एल.

शेवटचा भाग कशाला? लिब्रेऑफिससारखे प्रोग्रॅम फाइल वाचता वाचता लिहितात, मध्येच मागे जाऊन चार अक्षरं बदलतात. नेटवरच्या साठ्यात असं थेट करता येत नाही, तिथे फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग चढवावी लागते. कॅश मोड नसला तर सेव्ह करताना चूक येते. ‘फुल’ दिलं की आरक्लोन वाचलेले तुकडे आणि लिहिलेल्या फाइली तुमच्या डिस्कवर तात्पुरत्या ठेवतो, आणि फाइल बंद झाल्यावर पाच सेकंदांनी ती वर चढवायला घेतो.

पाच सेकंदांनी ‘चढवायला घेतो’, ‘चढवून संपवतो’ नाही. तीनशे एमबीचं रेकॉर्डिंग ‘मेघ’मध्ये टाकलंत तर फाइल मॅनेजर क्षणात ‘झालं’ म्हणेल. ते फक्त कॅशमध्ये गेलेलं असतं. खरी फाइल नंतर तुमच्या नेटच्या वेगाने हळूहळू वर जात राहते. तेवढ्यात झाकण मिटलंत तर ती अर्धवट. यावर खात्रीचा उपाय एकच, मोठं काही टाकलं की ब्राउझरमध्ये ड्राइव्ह उघडून ते पोचलं का बघायचं. मध्येच वीज गेली तरी फार घाबरू नका, न चढलेली फाइल कॅशमध्ये असते आणि पुढच्या वेळी त्याच कमांडने जोडलंत की आरक्लोन ती चढवतो. तोवर कॅश हाताने पुसू नका, एवढंच.

आता माझी फजिती सांगते, काकांना सांगितली नव्हती. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपची डिस्क भरत आली होती. मी फोल्डर आकारमानाने लावले, वर एक जाडजूड फोटोंचा फोल्डर दिसला. हा तर ड्राइव्हवर आहेच, इथली प्रत उडवू, म्हणून डिलीट केला. फाइल मॅनेजरने ‘कायमचं काढू का?’ विचारलं, मी तोऱ्यात हो म्हटलं. डिस्कवर एक एमबीही मोकळी झाली नाही. का, ते दोन सेकंदांनी कळलं. इथली प्रत नव्हतीच, होतं ते दार. नशीब असं की आरक्लोन गूगल ड्राइव्हवरच्या फाइली मुळात तिथल्या ट्रॅशमध्ये टाकतो, एकदम नष्ट करत नाही. ट्रॅशमध्ये त्या ३० दिवस राहतात. ब्राउझरमधून सगळं परत आणलं. पण ती दोन सेकंदं!

उलटी चूकही होते. जोडणी तुटलेली असताना ‘मेघ’ हा साधा रिकामा फोल्डर असतो. त्यात फाइल टाकलीत तर ती फक्त तुमच्या डिस्कवर पडते, ड्राइव्हकडे जात नाही, आणि पुढच्या वेळी ‘फोल्डर रिकामा नाही’ म्हणून जोडणीच अडते. यावर माझी एक साधी युक्ती आहे. ड्राइव्हमध्ये, ब्राउझरमधून, एक छोटी टेक्स्ट फाइल ठेवा, नाव द्या ‘०० दार उघडं आहे’. ‘मेघ’ उघडल्यावर ती वर दिसली तर खुशाल काम करा. दिसली नाही तर काही टाकू नका. काका आता फोन उचलून आधी हेच सांगतात, “दार उघडं आहे.”

पायरी ५ : रोज आपोआप

रोज टर्मिनल कोण उघडणार? मिंटच्या मेनूत ‘स्टार्टअप ॲप्लिकेशन्स’ शोधा, अधिकचं चिन्ह दाबा, ‘कस्टम कमांड’ निवडा. नाव काहीही. कमांडच्या जागी :

आरक्लोन माउंट इंदूर: /होम/तुमचं-नाव/मेघ --व्हीएफएस-कॅश-मोड फुल --व्हीएफएस-कॅश-मॅक्स-साइझ ५जी

मॅक्स : एम-ए-एक्स, साइझ : एस-आय-झेड-ई, आणि ५जी म्हणजे पाचचा आकडा आणि त्याला चिकटून मोठा ‘जी’. इथे नागमोडी चिन्ह टाकू नका. टर्मिनलला त्याचा अर्थ कळतो, या खिडकीला नाही, म्हणून पूर्ण पत्ता. ‘तुमचं-नाव’च्या जागी लॉगिनचं नाव. टर्मिनलमध्ये ‘पीडब्ल्यूडी’ टाइप करून एंटर दाबलं की होमचा पूर्ण पत्ता मिळतो, तोच उचला. काका म्हणाले, “पीडब्ल्यूडी? ते तर रस्त्याचं खातं!” तेवढ्या विनोदावर आम्ही चहाची सुट्टी घेतली.

‘डिले’च्या जागी ३० सेकंद द्या. लॉगिन झाल्यावर वायफाय लागायला थोडा वेळ जातो. आरक्लोनने त्याआधी हाक मारली तर उत्तर मिळत नाही आणि तो निमूट बंद होतो.

५जी ही कॅशची मर्यादा. ही लक्ष्मणरेषा नाही. उघड्या किंवा न चढलेल्या फाइली असतील तर ती तात्पुरती ओलांडली जाते. डिस्क अगदीच लहान असेल तर २जी ठेवा.

फाइल मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘प्रिव्ह्यू’ या भागात थंबनेल, म्हणजे फाइलींची छोटी चित्रं, बंद करा. ते चालू असले तर पाचशे फोटोंचा फोल्डर नुसता उघडला तरी एकेका फोटोचं चित्र बनवण्यासाठी यंत्र तो खाली खेचू लागतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर दिवसाचा डेटा सकाळच्या पोह्यांच्या आधी संपेल.

अडलं तर

‘ट्रान्सपोर्ट एंडपॉइंट इज नॉट कनेक्टेड’. आरक्लोन मेला, पण दाराची चौकट तशीच उभी आहे. ती काढायला :

फ्यूजरमाउंट -यूझेड ~/मेघ

फ्यूजरमाउंट : एफ-यू-एस-ई-आर आणि पुढे माउंट, सगळं सलग. इथे डॅश एकच. ही कमांड नाही म्हटलं तर ‘फ्यूजरमाउंट३’ लिहून पाहा. मग लॉगआउट करून परत या.

गूगल डॉक्स आणि शीट ‘मेघ’मध्ये शून्य आकाराच्या दिसतात. त्या खऱ्या फाइली नाहीत, गूगलच्या आतल्या वस्तू आहेत, आणि आरक्लोन त्या वर्ड-एक्सेलच्या स्वरूपात दाखवायचा प्रयत्न करतो. कधी उघडतात, कधी नाही. काकांच्या हिशेबाच्या शीट आम्ही ब्राउझरमधून एकदा एक्सेल म्हणून उतरवल्या आणि खऱ्या फाइली म्हणून ‘मेघ’मध्ये ठेवल्या. दोघे-तिघे मिळून भरत असलेली शीट असेल तर मात्र ती ब्राउझरमध्येच उघडा.

एखादी फाइल ब्राउझरमध्ये दोनदा आणि ‘मेघ’मध्ये एकदाच दिसते का? गूगल ड्राइव्ह एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली राहू देते, लिनक्सला ते मान्य नाही. ब्राउझरमध्ये एकीचं नाव बदला.

लॉगिन संपलं, परवानगी नाही अशी कुरकुर आली तर :

आरक्लोन कॉन्फिग रीकनेक्ट इंदूर:

रीकनेक्ट : आर-ई-सी-ओ-एन-एन-ई-सी-टी. ब्राउझर पुन्हा उघडेल, परवानगी द्या.

आणि आता ती क्लायंट आयडीची गोष्ट. आपण जागा कोरी ठेवली म्हणजे आरक्लोनची सामाईक ओळख वापरली. जगभरचे लोक तीच वापरतात आणि गूगल त्या ओळखीला सेकंदाला ठरावीकच विनंत्या करू देतं, म्हणून गर्दीच्या वेळी सगळं संथ होतं. नळाला एकच पाइप आणि सगळी गल्ली बादल्या घेऊन उभी, तसं. फार कंटाळवाणं झालं तर गूगलच्या क्लाउड कन्सोलमध्ये स्वतःचा प्रोजेक्ट करा, त्यात ड्राइव्ह एपीआय चालू करा, ‘डेस्कटॉप ॲप’ प्रकारचा क्लायंट बनवा, आणि मिळालेले दोन लांब मजकूर कॉन्फिगमध्ये त्या दोन कोऱ्या जागी भरा. हे फुकट होतं, अर्धा तास जातो. एक खोडी मात्र आहे. प्रोजेक्ट ‘टेस्टिंग’ अवस्थेत सोडलात तर दर सात दिवसांनी लॉगिन संपतं. तो ‘पब्लिश’ करा. मग लॉगिन करताना गूगल ‘हे ॲप तपासलेलं नाही’ असा इशारा देईल. ॲप तुमचंच आहे, पुढे जा.

वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्स जोडायचं असेल तर दुसरी पायरी नव्या नावाने पुन्हा करा, साठ्याचं नाव बदला आणि वेगळा रिकामा फोल्डर घ्या. फुकटची जागा ड्रॉपबॉक्सवर २ जीबी, वनड्राइव्हवर ५ जीबी आणि गूगलवर १५ जीबी असते. गूगलची ती जागा जीमेल आणि फोटोज यांनाही धरून आहे, त्यामुळे हिशेबात दिसते तेवढी हाती लागत नाही. किती उरली ते ‘आरक्लोन अबाउट इंदूर:’ सांगतो. आणि ज्या फाइली नेट नसतानाही हव्यातच, त्या ‘मेघ’मधून उचलून साध्या फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवा. प्रवासाला निघताना काका रेकॉर्डिंगची अशी एक पोतडी करतात.

संध्याकाळी गेर ओसरल्यावर काकांचा परत फोन आला. मला वाटलं काहीतरी बिघडलं. म्हणाले, “त्या फोटोतला उजवीकडून दुसरा कोण, ते तुझ्या बाबांना विचार. मला नाव आठवत नाहीये.”